अणुशाळेतून गोठ्याकडे

चीन देशाच्या वायव्येस शेन्सी नावाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तर भागातील डोंगर दगडाचे नाहीत, पिवळ्या मातीचे आहेत. लाखो वर्षे उत्तरेकडील वाळवंटांतून वारे वाहत आले आणि त्यांनी वाहून आणलेल्या बारीक धुळीचे थरांवर थर बसून हे डोंगर तयार झाले. काही ठिकाणी या थरांची जाडी शंभर मीटरांहूनही अधिक भरते. हीच माती पावसाबरोबर वाहून नदीत जाते, आणि म्हणून तेथील महानदीला ह्वांगहो, म्हणजे पीत नदी, हे नाव पडले. ही माती मऊ खरी, पण मोठी चिवट. कुदळीने ती सहज खणता येते आणि खणलेली भिंत वर्षानुवर्षे ढासळत नाही. या भागात लाकूड दुर्मीळ. तेव्हा लोकांनी डोंगराच्या कडेत कमानदार गुहा कोरून त्यांतच घरे थाटली. पुढच्या बाजूस लाकडी जाळी बसवावी, तिला पातळ कागद चिकटवावा, की झाले घर! उन्हाळ्यात ते गार राहते आणि हिवाळ्यात ऊबदार.

याच प्रांतातील येनान या गावी, 1949 साली, अशाच एका गुहेत एका अमेरिकन जोडप्याचा विवाह झाला. वधूचे नाव जोन हिंटन. वराचे नाव अर्विन एंग्स्ट. पण त्यांना सारे 'सिड' म्हणत. वर गाईगुरांच्या पैदाशीतला जाणकार होता, आणि वधू अणुशास्त्रज्ञ होती. जगातील पहिला अणुबाँब ज्यांच्या हातून घडला, त्या शास्त्रज्ञांच्या मेळ्यात तिने काम केले होते. अशी विदुषी अमेरिकेतील प्रयोगशाळा सोडून या मातीच्या गुहेत का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

जोनबाईंचा जन्म 1921 साली शिकागो शहरी झाला. त्यांच्या घराण्यात बुद्धिमत्ता जणू वारशानेच चालत आली होती. थोर गणिती जॉर्ज बूल हे त्यांच्या आजीचे वडील. बागेत मुले ज्याच्यावर चढतात, लोंबकळतात, तो आडव्याउभ्या दांड्यांचा सांगाडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे पेटंट जोनबाईंच्या वडिलांनी घेतले होते. त्यांच्या मातोश्री शिक्षणतज्ज्ञ होत्या. त्यांनी 1935 साली व्हरमाँट राज्यात पटनी येथे एक शाळा काढली. शाळेला जोडूनच शेत आणि गोठा होता आणि विद्यार्थ्यांना तेथील कामात हात घालावा लागे. जोनबाई याच शाळेत शिकल्या. पुस्तकातील विद्या आणि हाताचे काम ही दोन निरनिराळी जगे आहेत असे त्यांना पुढे कधी वाटले नाही, याचे मूळ बहुधा या गोठ्यात असावे.

पदार्थविज्ञानाचा अभ्यास करून त्यांनी 1944 मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि त्याच वर्षी लॉस अलामॉस येथील गुप्त प्रयोगशाळेत त्या रुजू झाल्या. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. हिटलरचे शास्त्रज्ञ अणुबाँब बनवितील आणि मग जगाची धडगत राहणार नाही, या भीतीने अनेक नामवंत शास्त्रज्ञ तेथे रात्रंदिवस राबत होते. नोबेल पारितोषिक मिळविलेले एन्रिको फर्मी हे त्यांपैकी एक. त्यांच्या सहवासात जोनबाईंना काम करावयास मिळाले. वय अवघे तेवीस वर्षांचे. कामाची गोडी एवढी, की त्या कामाचे पुढे काय होणार याचा विचार करावयास त्यांना फुरसतच झाली नाही.

16 जुलै 1945 रोजी पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या बाँबची चाचणी झाली. सर्वांना ती पाहण्याची परवानगी नव्हती. जोनबाई एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसल्या आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवून दोघे सुमारे 40 किलोमीटर अंतरावरील एका टेकडीवर जाऊन थांबले. साडेपाचच्या सुमारास एकाएकी सारे आकाश उजळले. चहूकडून प्रकाशच प्रकाश. त्या प्रकाशाच्या समुद्राच्या तळाशी आपण उभे आहोत, असे त्यांना भासले. मग तो प्रकाश जांभळा, निळा होत मावळला. आवाज मात्र बऱ्याच वेळाने आला आणि भोवतालच्या डोंगरांतून घुमत राहिला.

जर्मनीने तर मे महिन्यातच शरणागती पत्करली होती. तेव्हा हा बाँब माणसांवर टाकला जाणार नाही, निर्जन स्थळी त्याचे सामर्थ्य दाखवून युद्ध थांबविले जाईल, अशी जोनबाईंची समजूत होती. परंतु 6 ऑगस्टला हिरोशिमावर आणि 9 ऑगस्टला नागासाकीवर बाँब पडले. दोन भरली शहरे बेचिराख झाली. म्हातारी माणसे, शाळकरी पोरे, दवाखान्यातील रोगी, कोणीही त्यातून सुटले नाही.

या बातमीने जोनबाईंच्या मनावर मोठा आघात झाला. अणूवरील सत्ता लष्कराच्या हाती राहू नये म्हणून त्यांनी व इतर काही शास्त्रज्ञांनी राजधानी वॉशिंग्टन येथे जाऊन खटपट केली. चाचणीच्या वेळी प्रचंड उष्णतेने वाळवंटातील वाळू वितळून तिची काच झाली होती. त्या काचेचे तुकडे जोनबाईंनी डब्यांत घालून अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या महापौरांकडे धाडले. आपल्या नगराची अशी गत व्हावी असे तुम्हांस वाटते काय, असा प्रश्न सोबतच्या चिठ्ठीत होता. त्यानंतर शिकागो येथे फर्मींच्या हाताखाली त्या पुन्हा संशोधन करू लागल्या; पण संशोधनाला लागणारा पैसा अधिकाधिक लष्कराकडूनच येणार, हे त्यांना दिसू लागले. ज्ञानासाठी ज्ञान हा त्यांचा आजवरचा देव. त्या देवावरचा विश्वास आता उडाला.

इकडे सिड एंग्स्ट हे 1946 मध्येच चीनला पोहोचले होते. ते न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याचे पुत्र. कॉर्नेल विद्यापीठात ते शेतीशास्त्र शिकले आणि तेथेच जोनबाईंचे बंधू विल्यम यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. युद्धात होरपळलेल्या देशांना साहाय्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेतर्फे ते चीनमध्ये गेले. तेव्हा तेथे च्यांग काय-शेक यांचे सरकार आणि माओ त्से-तुंग यांचा कम्युनिस्ट पक्ष यांच्यात यादवी युद्ध चालू होते. येनान हे कम्युनिस्टांचे मुख्य ठाणे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1939 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर आले होते, ते याच येनानला. एंग्स्ट यांनी तेथील गोठ्याची जबाबदारी पत्करली. पुढे मार्च 1947 मध्ये सरकारी फौजांनी येनानवर चाल केली, तेव्हा गोठ्यातील डच जातीच्या दुभत्या गाई हाकीत एंग्स्ट आणि त्यांचे सोबती डोंगरांत शिरले. पाठीवर शत्रू, वाट अनोळखी, वैरणीचा ठिकाणा नाही, आणि संगती म्हणजे सावकाश पावले टाकणाऱ्या गाई! असा प्रवास फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

जोनबाई मार्च 1948 मध्ये चीनला जाण्यास निघाल्या. शांघाय शहरी उतरल्यावर डॉ. सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांच्या कल्याणसंस्थेत त्यांनी काही काळ काम केले. त्या वर्षी शांघायमध्ये महागाईने कहर केला होता. वस्तूंचे भाव सकाळी एक तर संध्याकाळी दुसरे. बाजाराला जाताना लोक नोटांचे गठ्ठेच्या गठ्ठे नेत. तेथून उत्तरेकडे वाट काढीत त्या पुढच्या वर्षी येनानला पोहोचल्या. तेथे त्यांचा विवाह झाला, तो वर सांगितलाच आहे.

नव्या संसारात पलंग नव्हता, खुर्च्या नव्हत्या, विजेचा दिवा नव्हता. उत्तर चीनमध्ये तेव्हा घरोघरी 'खांग' असे. खांग म्हणजे मातीचा किंवा विटांचा भला रुंद ओटा. तो आतून पोकळ असतो, आणि चुलीचा धूर त्या पोकळीतून फिरून मग बाहेर पडतो. त्यामुळे ओटा तापतो. दिवसा त्यावर बसून जेवावे, शिवावे, लिहावे. रात्री त्याच्यावरच अंथरूण घालून झोपावे. एकाच सरपणात स्वयंपाकही होतो आणि अंथरूणही उबते. उष्णतेचा असा चोख हिशेब पाहून पदार्थविज्ञानाच्या पंडितेला कौतुक वाटले असल्यास नवल नाही. जेवणात राळ्याची पेज, बटाटे, खारवलेली भाजी. शेजाऱ्यांनी या दांपत्याला चिनी नावे दिली आणि पुढे जन्मभर ती त्यांना चिकटली. जोनबाई झाल्या 'हान छुन', म्हणजे थंड वसंत, आणि एंग्स्ट झाले 'यांग झाव'; त्यात सूर्य आणि पहाट या दोन्ही अर्थांची अक्षरे आहेत.

त्यांच्या कामाची ठिकाणे बदलत गेली. येनानहून उत्तरेस, जेथे पिवळे डोंगर संपून मंगोलियाकडील वाळवंट सुरू होते, तेथे सानप्येन, म्हणजे 'तीन सीमा', नावाचा मुलूख आहे. चीनची प्रसिद्ध भिंत याच मुलखातून गेली आहे. तेव्हा तेथे आगगाडी नव्हती, पक्का रस्ता नव्हता. प्रवास पायी, खेचरावर किंवा दैव बलवत्तर असले तर एखाद्या मालमोटारीवर. येथील पशुपालन-केंद्रात पतिपत्नींनी काही वर्षे काढली. वसंत ऋतूत वाळूची वादळे उठत आणि भर दुपारी अंधारून येई.

1952 साली बीजिंग शहरी आशिया व प्रशांत महासागराच्या परिसरातील देशांची शांतता परिषद भरली. जोनबाई तेथे बोलल्या. बाँब बनविण्याच्या कामात आपला हात होता, याची खंत त्यांनी सर्वांसमक्ष व्यक्त केली. त्याच वर्षी जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे चिनी नावही त्यांनी 'शांतता' या अर्थाचे ठेवले.

परंतु मायदेशी या भाषणाचा अर्थ निराळाच लावला गेला. अमेरिकेत त्या काळी कम्युनिस्टांविषयी पराकाष्ठेचा संशय होता. 1953 मध्ये एका मासिकाने जोनबाईंना पळून गेलेली अणुहेर ठरविले. त्या चीनसाठी बाँब तयार करीत आहेत, अशी आवई उठली. वस्तुतः त्या वेळी त्या गाईमेंढ्यांत होत्या. पुढे 1964 साली चीनने स्वतःचा बाँब उडविला, तेव्हा हा संशय पुन्हा बळावला. त्याचा उलगडा झाला तो 1971 मध्ये. नोबेल पारितोषिक मिळविलेले शास्त्रज्ञ यांग चेन-निंग हे शिकागोत जोनबाईंचे सहाध्यायी होते. ते त्या वर्षी अमेरिकेहून चीनच्या भेटीस आले असता, चिनी बाँबचे एक प्रमुख शिल्पकार आणि आपले बालमित्र देंग च्याश्येन यांना त्यांनी हाच प्रश्न सरळ विचारला. देंग यांनी तपास करून पत्राने उत्तर पाठविले. आरंभीच्या काळातील थोडीबहुत रशियन मदत सोडली तर त्या कामात कोणीही परदेशी माणूस नव्हता, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ते पत्र वाचून यांग यांच्या डोळ्यांत पाणी आले.

सानप्येननंतर हे कुटुंब शियान या प्राचीन नगराजवळील एका सरकारी दुग्धशाळेत राहावयास गेले. दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन अपत्ये त्यांना झाली. ती चिनी मुलांत खेळली, चिनी शाळेत शिकली. चिनी हीच त्यांची बोली झाली, आणि आईबापांची इंग्रजी त्यांना परकी वाटू लागली.

दुधाचा धंदा चीनमध्ये वाढविणे सोपे नव्हते. आपल्याकडे दूध, दही, ताक आणि तूप यांवाचून स्वयंपाकघराची कल्पनाच करवत नाही. मंगोल लोकांचेही तसेच. परंतु चीनच्या बहुसंख्य लोकांच्या आहारात गाईच्या दुधाला फारसे स्थान नव्हते. ते सोयाबीन भिजवून, वाटून त्याचे दूध काढीत. गाय ही त्यांच्या दृष्टीने नांगर ओढणाऱ्या बैलाची आई. साहजिकच दुभत्या गाईच्या उत्तम जाती, गोठ्याची साधने, चाऱ्याची बेगमी, या सर्वांचीच वाण होती.

त्यातून हिवाळा कडक. चार महिने हिरवे पान दृष्टीस पडत नाही आणि गाई तर ओल्या चाऱ्यावाचून आटतात. यावर उपाय म्हणजे मुरघास. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून भरावयाचा, वर माती लिंपून हवा बंद करावयाची. आत तो आंबतो, पण कुजत नाही, आणि गाई तो हिवाळाभर आवडीने खातात. यात खरी मेहनत कापण्याची. कोयत्याने कापून खड्डे भरावयाचे म्हटले तर माणसे थकून जातात, आणि वेळ लागला की चारा सुकून हवा आत राहते व सारा खड्डा नासतो. जोनबाईंनी मोडतोडीतून, मिळेल त्या लोखंडातून चारा कापण्याचे यंत्र जुळविले. आपल्याकडील कडबाकुट्टीचेच ते भावंड म्हणावयास हरकत नाही. लॉस अलामॉसमध्ये त्यांच्या हाताशी जगातील उत्तमोत्तम उपकरणे होती. येथे एक साधा खिळा मिळविण्यासाठीही खेप घालावी लागे. पण कागदावर आकृती काढावी, तुकडे जुळवावे, चालवून पाहावे, मोडले की का मोडले ते शोधावे, ही कामाची रीत दोन्हीकडे एकच होती.

1959 ते 1961 या वर्षांत चीनवर भयंकर दुष्काळ कोसळला. त्यात सरकारच्या चुकीच्या धोरणांचा वाटा फार मोठा होता आणि कोट्यवधी माणसे प्राणास मुकली. त्यानंतर 1966 मध्ये 'सांस्कृतिक क्रांती' नावाची दहा वर्षांची उलथापालथ सुरू झाली. शाळा-महाविद्यालये बंद पडली, विद्वानांची धिंड निघाली, कित्येकांचे जीव गेले. माओंच्या मार्गावरील या दांपत्याची श्रद्धा मात्र शेवटपर्यंत ढळली नाही. बाँबविषयी एवढी कठोर कसोटी स्वतःला लावणाऱ्या जोनबाईंनी हीच कसोटी त्या राजवटीला लावली नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात खटकल्यावाचून राहत नाही.

त्या वर्षी दोघांना बीजिंगला भाषांतराच्या कामावर बोलावण्यात आले. परदेशी तज्ज्ञ म्हणून त्यांना मोठे वेतन, ऐसपैस घर, निराळे भोजनगृह, मोटारी अशा सवलती मिळू लागल्या. कोणालाही हे सुखाचे वाटले असते. या दोघांना ते अपमानाचे वाटले. 29 ऑगस्ट 1966 रोजी आणखी दोन अमेरिकन स्त्रियांसह त्यांनी एक मोठे भित्तिपत्रक लिहिले. आम्हांला चिनी सहकाऱ्यांहून वेगळे का ठेवता, आम्हांला त्यांच्याएवढेच वेतन द्या, अंगमेहनतीचे काम द्या, आमच्या मुलांना चिनी मुलांसारखेच वाढू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सुखसोयी द्या म्हणून भांडणारी माणसे जगात पुष्कळ आढळतात. त्या काढून घ्या म्हणून भांडणारी विरळा.

टेबलाशी बसून भाषांतर करण्यात त्यांचे मन रमेना. अखेर 1972 मध्ये ती दोघे बीजिंगजवळील एका शेतकरी समूहाच्या गोठ्यात परतली, आणि पुढे चांगफिंग भागातील शेतीयंत्रांच्या प्रयोगक्षेत्रावर त्यांनी कायमचे बस्तान बसविले. येथे त्यांच्या कामाला खरा बहर आला. गाईचे वाण सुधारण्याकडे एंग्स्ट यांचे लक्ष, तर यंत्रांकडे जोनबाईंचे. दूध सडातून निघते तेव्हा त्याची उष्णता गाईच्या अंगाएवढी, म्हणजे 38 अंशांच्या आसपास असते. या उबेत जंतू झपाट्याने वाढतात आणि दूध काही तासांतच नासते. तेच दूध लगोलग 4 अंशांपर्यंत उतरविले तर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. जोनबाईंनी दूध थेट थंड करणाऱ्या टाकीची रचना केली. धार काढणारी यंत्रे, दूध वाहून नेणाऱ्या नळ्या आणि ही टाकी अशी एक साखळीच तयार झाली. गाईच्या सडापासून टाकीपर्यंत दुधाला माणसाचा हात लागण्याचे कारण उरले नाही. ही यंत्रे चीनमध्येच बनू शकतील आणि तेथील गोठ्यांना परवडतील, अशी असावीत, हा त्यांचा कटाक्ष होता.

त्यांचे राहणे अगदी साधे होते. शेतावरच विटांचे बैठे घर आणि अंगात कामाचे कपडे. नव्या चीनमधील व्यापार, मोटारी आणि श्रीमंतीची स्पर्धा त्यांना मुळीच रुचली नाही, आणि भेटीस येणाऱ्यांना त्या तसे तोंडावर सांगत. मुले मोठी होऊन अमेरिकेला गेली. आईबाप गाईंपाशी राहिले.

डिसेंबर 2003 मध्ये एंग्स्ट यांचे निधन झाले. जोनबाई शेत सोडून गेल्या नाहीत. 2004 साली चीनने परदेशी नागरिकांना कायमच्या वास्तव्याचे परवाने देण्यास आरंभ केला, तेव्हा तो मिळविणाऱ्या पहिल्या मंडळींत त्या होत्या. चीनमध्ये त्यांची साठाहून अधिक वर्षे गेली, तरी त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व सोडले नव्हते. त्याविषयी कोणी विचारले, की प्रवासाला ते सोयीचे पडते, एवढेच त्या सांगत. 8 जून 2010 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, बीजिंग येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला.